रुंद पात्याची पिन

परदेशी जायचं म्हटलं की आधी व्हिसा, मग तिकीट आणि मग दादांचं दुकान, असा त्या बाजारातला क्रमच ठरून गेला होता. दुकान कसलं, दोन इमारतींच्या फटीत बसवलेला एक लांबट खण. पण त्याच्या भिंतीवर साऱ्या जगाच्या पिना खिळ्यांना टांगलेल्या. दोन गोल काड्यांच्या, तीन जाड पात्यांच्या, तिरप्या पात्यांच्या, आणि एक तर अशी, की तिच्याकडे बघून ती कुठे खुपसायची हेच कळू नये. खालच्या फळीवर वीज कमी-जास्त करणाऱ्या लोखंडी पेट्या ओळीने बसलेल्या.

दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला तीनच प्रश्न विचारायचे. कुठे चाललात, बरोबर काय नेताय, आणि त्याच्या बुडाशी काय छापलंय. मग ते सांगायचे, की बाबा रे, अ‍ॅडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, वीज बदलत नाही. इथलं यंत्र तिथे अर्धपोटी राहतं आणि तिथलं यंत्र इथे आणलं तर जास्त खाऊन जळतं. गिऱ्हाईक ऐकत नाहीसं दिसलं, की ते दाढीचं यंत्र जळलेल्या एका साहेबाची गोष्ट काढायचे. तो साहेब म्हणे अर्ध्या दाढीनिशी मीटिंगला बसला. दर वेळी ती दाढी थोडी थोडी कमी होत चालली होती, आणि सूनबाई गल्ल्यामागे बसून गालातल्या गालात हसायची.

सूनबाईचं सगळं शिक्षण त्या दुकानातच झालं. लग्न होऊन आली तेव्हा तिला बल्ब बदलायची भीती वाटायची. नवरा मोठाल्या इमारतींतली वायरिंगची कामं घ्यायचा, दिवसभर बाहेर. घरात नुसतं बसून काय करायचं म्हणून ती सासऱ्यांना डबा द्यायला जायला लागली, मग डबा संपेस्तोवर थांबायला लागली, आणि लेक चिमी पोटात असताना तर तिने सोल्डरिंगची कांडी हातात धरली होती. दादांनी कधी तिला समोर बसवून शिकवलं नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. ते काम करायचे आणि ती बघायची. बघून बघून तिला सगळं येतं असं दादा चारचौघांत सांगायचे, आणि ते ऐकून ती मनातल्या मनात दोन बोटं उंच व्हायची.

त्या दिवशी दुपारी पाऊण वाजता दुकानात एक शिक्षिका आल्या. कसल्याशा प्रशिक्षणासाठी चालल्या होत्या, आणि नेमक्या त्याच देशात, जिकडे आदल्या रात्री सूनबाईची नणंद बिट्टी, तिचं पाच महिन्यांचं बाळ आणि सासूबाई विमानात बसल्या होत्या. शिक्षिकेच्या भावाने तिकडून एकदा एक बोर्ड आणला होता, सॉकेटं असलेला, लांब वायरीचा. तो त्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या. दुकानातली पिन त्यात बसते का बघू, म्हणाल्या. शिक्षिकाच त्या, आधी परीक्षा मग खरेदी.

सूनबाईने खिळ्यावरची तिथली पिन काढली आणि बोर्डात खुपसली. बसली.

“आणि उलटी?” शिक्षिकेने विचारलं.

“उलटीही बसते,” सूनबाई म्हणाली आणि पिन फिरवून खुपसली. ती बसली नाही. तिने जरा जोर लावला. तरी नाही. मग तिने बोर्ड उचलून उजेडात धरला. त्याच्या दोन फटींपैकी एक लांब होती आणि एक आखूड. पिनेच्या दोन पात्यांपैकी एक पातं रुंद होतं आणि एक अरुंद. रुंद पातं आखूड फटीत जाणारच नव्हतं.

ते पातं जरा रुंद असतं हे तिने आजवर शंभरदा पाहिलं होतं. का रुंद असतं हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. परदेशातल्याइतकी कमी वीज सोडून माल तपासायच्या दुकानातल्या टेस्ट-बोर्डाच्या फटी ऐसपैस, दोन्ही सारख्या, वर्षानुवर्षं वापरून सैल झालेल्या. तिथे काहीही कसंही बसायचं.

शिक्षिकेने काय घेतलं, किती सुटे दिले, तिला काही कळलं नाही. त्या पायरी उतरून गेल्या तरी ती तशीच उभी.

झालं होतं ते असं. बिट्टीच्या बाळाची छाती जन्मापासून नाजूक. दर चार तासांनी त्याला नेब्युलायझरची वाफ द्यावी लागायची. यंत्र इथलं, डॉक्टरांनी निवडून दिलेलं. तिकडच्या डॉक्टरांची भेट दोन आठवड्यांनी मिळाली होती, तोवर तेच वापरायचं होतं. विमानापुरता डॉक्टरांनी एक छोटा पंप दिला होता, तो उतरेपर्यंतच पुरणार होता. तिथली वीज कमी, म्हणून यंत्राला पुरेल इतकी वाढवून देणारी एक लोखंडी पेटी दादांनी स्वतः निवडून ठेवली. निघायच्या आदल्या दिवशी बिट्टी दुकानात येऊन टेस्ट-बोर्डावर यंत्र पेटीला लावून चालवून बघत होती, आणि बघता बघता तिने हात मागे घेतला. म्हणाली, “वहिनी, पेटीला हात लावला की मुंग्या येतात गं. बाळाने हात लावला तर?”

दादा त्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. सूनबाईला दादांचा उपाय ठाऊक होता. मुंग्या येणारी पेटी आली की दादा ती उघडायचे आणि दोन तारांपैकी जी थंड, म्हणजे जिच्यात वीज नाही, तिला तांब्याचा एक बोटभर तुकडा जोडून तो पेटीच्या अंगाला बांधायचे. मुंग्या गायब. कोणती तार थंड आणि कोणती गरम हे ते टेस्टरने बघायचे. पेटीच्या अंगावर टेस्टर पेटला तर पिन काढून फिरवून लावायची. विझला की पिनेच्या वरच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका. ठिपका वर, असं गिऱ्हाइकाला सांगायचं. एवढंच.

तिने तेच केलं. वर आणखी हौस म्हणून जुनी वायर काढून तिथल्याच पिनेची कोरी वायर बसवली, म्हणजे बिट्टीला मध्ये सैल अ‍ॅडॅप्टर लावायला नको. तांब्याचा तुकडा बांधला. टेस्टर लावला, तो पेटला. तिने पिन फिरवली, तो विझला. तिने नखाला लावायचा लाल ठिपका पिनेवर दिला आणि बिट्टीला सांगितलं, ठिपका वर. बिट्टीने तिला मिठी मारली होती.

आता तिकडच्या भिंतीत पिन फिरवताच येणार नव्हती. ती एकाच बाजूने जाणार. आणि ती बाजू जर चुकीची असेल, तर गरम तार सरळ पेटीच्या लोखंडी अंगाला बांधलेली असणार. पेटी दिसायला शांत. हात लावीपर्यंत काही म्हणून कळणार नाही.

म्हणजे निम्मी शक्यता, ती स्वतःला म्हणाली. निम्मी वाईट, निम्मी चांगली. पण देवासमोर चिठ्ठ्या टाकल्यासारखं एका बाळाच्या जिवाचं निम्मं-निम्मं कसं करायचं, हे तिला उमगेना. गल्ल्याखाली चिमी बंद पडलेल्या पिनांची आगगाडी करत बसली होती. तिने चिमीकडे बघितलं आणि फळीकडे वळली.

पेटीला बसवलेल्या वायरीच्याच पाकिटातली दुसरी वायर तिथे होती. चपटी वायर, दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या, एकीच्या अंगावर बारीक रेघा, दुसरी गुळगुळीत. आपण कोणत्या तारेला तुकडा बांधला हे तिला लख्ख आठवत होतं, कारण सोलताना त्या गुळगुळीत तारेवरून तिची पकड दोनदा निसटली होती. तिने मीटर लावला. गुळगुळीत तार अरुंद पात्याला जात होती.

अरुंद बाजू गरम की थंड, तेवढंच राहिलं. ते तिला माहीत नव्हतं. ते माहीत असलेला माणूस मागच्या खोलीत जेवून पंख्याखाली आडवा झाला होता.

तिने आधी नवऱ्याला फोन केला. मागे ड्रिलचा आवाज. तिने दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, मला नको सांगूस, दादांना सांग, आत्ताच्या आत्ता. ती तरी पाच मिनिटं पडद्याशी उभी राहिली. पुढे कधीही त्या पाच मिनिटांची आठवण आली की तिला स्वतःची लाज वाटे. पण तेव्हा तिला दोन भीती होत्या आणि दोन्ही एकमेकींना ढकलत होत्या. एक बाळाची, एक दादांच्या तोंडाची.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. अर्धवट झोपेतला माणूस, चष्मा हातात. म्हणाले, टेस्टर पेटला तर पिन फिरवायची, त्यात काय एवढं. तिने पिन त्यांच्या हातात दिली आणि अंगठ्याने रुंद पातं दाखवलं.

दादांनी चष्मा लावला. पिन बघितली. मग चष्मा काढून पुन्हा हातात घेतला, जणू काही न दिसलेलंच बरं.

“तुकडा कुठल्या तारेला बांधलास?”

“गुळगुळीत. ती अरुंद पात्याला जाते. मी बघितलं मीटरवर.”

“अरुंद बाजूला वीज असते,” दादा म्हणाले.

सूनबाईला वाटलं आता ते ओरडतील, आणि ओरडले तर बरं होईल. ते ओरडले नाहीत. खाटेच्या कडेला बसून म्हणाले, “बाहेरदेशी जाणाऱ्या पेटीला मी तुकडा कधी बांधत नाही.”

“मला कधी सांगितलं नाहीत, दादा.”

“तू विचारलं नाहीस.” मग आवाज उतरवून, “नाही. सांगायला मीच हवं होतं. इथेसुद्धा बांधायला नको होतं. मुंग्या येतात तर पेटी बदलून द्यायची. मी आपला आळस शिकवला तुला.”

सव्वा वाजला होता. विमान तीन वाजून दहा मिनिटांनी उतरणार. तिथून टॅक्सीने घर, म्हणजे साडेचार. बिट्टीचा इथला नंबर निघतानाच बंद केलेला. तिचा फोन आता फक्त घरच्या वायफायवर जिवंत होणार, आणि घर म्हणजे तीच खोली, ज्या खोलीच्या भिंतीत ती पिन जाणार. जावईबापू कारखान्यात. तिथे तेव्हा पहाट, त्यांची पाळी चालू, आणि फोन आत न्यायची बंदी, ते लोखंडी कपाटात ठेवून जायचे. सासूबाईंचा फोन तर त्या निघताना इथेच चार्जिंगला विसरून गेल्या होत्या. तो गल्ल्याशेजारी हिरवा दिवा लावून पडला होता.

सूनबाईने विमान कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ सनई वाजली. मग एका मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, की प्रवाशांना वैयक्तिक निरोप देता येत नाहीत, आणि वर विचारलं की आणखी काही मदत करू का.

तिने बिट्टीला लिहिलं. पेटी लावू नकोस. लावली असलीस तर हात लावू नकोस. आईंनाही सांग. लगेच फोन कर. एक बरोबरची खूण उमटली. दुसरी उमटेना. तेच जावईबापूंना पाठवलं. तिथेही एकच खूण. मग तिने आवाजात बोलून पाठवलं, कारण बाळ कडेवर असताना बिट्टी वाचणार कशी. पहिल्यांदा बोललेलं तिलाच कळेना, ते पुसून तिने पुन्हा बोलून पाठवलं.

दादांनी दुकानाचं शटर निम्मं ओढलं. गिऱ्हाईक आलं की खालून वाकून बघायचं आणि दादा हातानेच नंतर म्हणायचे. ते एका जागी बसत नव्हते. त्यांनी तसलीच दुसरी पेटी काढली, टेबलावर ठेवली, उघडली, मिटली. मग एकदम म्हणाले, बॅगा हरवतात म्हणे विमानात. पेटी मोठ्या बॅगेत होती ना? बाळाच्या दुपट्यांत गुंडाळलेली? तिने हो म्हटलं. दादा वर आढ्याकडे बघत म्हणाले, आजवर लोकांनी बॅग मिळावी म्हणून नवस केले असतील, मी हरवावी म्हणून करतो. आणि ते हसायला गेले, पण हसू ओठापर्यंत आलंच नाही.

वाट बघण्याचे ते तीन तास कसे गेले हे तिला पुढे नवऱ्याला नीट सांगता आलं नाही. चिमीला भूक लागली, तिने तिला भरवलं. चिमी झोपली, तिने तिला मांडीवर घेतलं. मांडीवरच्या त्या ऊबदार ओझ्याकडे बघताना तिच्या डोळ्यांपुढे दुसरीच एक इवली मूठ यायची. पेटीकडे जाणारी. मग तिला सासूबाई आठवायच्या. सासूबाईंची एक सवय सबंध घराला पाठ. कुठलंही यंत्र लावायच्या आधी त्या ते ओल्या फडक्याने पुसून घेत. मिक्सर असो, इस्त्री असो, नेब्युलायझर असो. बाळाच्या तोंडाशी जायचंय, म्हणायच्या, धूळ कशाला. दादा त्यावरून त्यांना चिडवायचे, की बाई, तू एक दिवस सूर्यसुद्धा पुसून काढशील. आज ते चिडवणं कुणी काढलं नाही. दादांच्या मनात तेच चाललंय हे तिला कळत होतं, कारण ते मध्येच म्हणाले, ती पुसणार. ते नुसतं एवढंच म्हणाले आणि उठून पाणी प्यायला गेले.

तीन दहाला विमान उतरलं. हे तिने फोनवर बघितलं, एक हिरवी रेघ एका टिंबाला जाऊन टेकली. चार वाजले. साडेचार वाजले. सूनबाईने तोवर पंधरा वेळा फोन लावला असेल.

चार वाजून बेचाळीस मिनिटांनी दुसरी खूण उमटली.

तिने तत्क्षणी व्हिडिओ कॉल लावला. वाजत राहिला. कुणी घेतला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. दादा तिच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले होते, त्यांचा श्वास तिच्या मानेला लागत होता. चौथ्यांदा पडद्यावर आधी एक पांढरं छत आलं, मग बिट्टीचा दमलेला चेहरा, खांद्यावर बाळ. बाळाच्या श्वासाची ती ओळखीची घरघर फोनमधून इथवर आली.

“पोचलो गं वहिनी, थांब हां, आधी याला वाफ—”

“पेटी लावलीस?”

“आईने लावली. आई मास्क धुतेय. का?”

“तिला हात लावू नका. कुणीच नाही. आई कुठेत?”

बिट्टीने फोन वळवला. एक अरुंद खोली, पलंग, पलंग आणि भिंत यांमधली वीतभर जागा, त्या जागेत जमिनीवर ती करडी पेटी, तिच्यावर पेटलेला बारीकसा लाल दिवा. आणि दारातून सासूबाई येत होत्या, एका हातात गळता मास्क, दुसऱ्या हातात ओलं फडकं, नेहमीसारख्या घाईत.

“अगं,” दादा म्हणाले. चाळीस वर्षं ते बायकोला एवढीच हाक मारत आले होते. “अगं, तिथेच उभी राहा.”

सासूबाई उभ्या राहिल्या. का, म्हणून विचारलंही नाही. पुढे त्या सांगायच्या, की त्या आवाजात त्यांनी नवऱ्याला आधी कधी ऐकलं नव्हतं.

सूनबाई म्हणाली, बिट्टी, भिंतीवरचं बटण बंद कर. बिट्टीने शोधलं. मग ती म्हणाली, आणि तिचा आवाज आता बारीक झाला होता, “वहिनी, भिंतीला बटण नाही. इकडे नसतंच.”

हे सूनबाई विसरली होती. गिऱ्हाइकांना रोज सांगत होती आणि विसरली होती. म्हणजे पिन हाताने ओढूनच काढायची, आणि पिनेच्या खाली टीचभर अंतरावर ती पेटी. दादांनी तिच्या दंडाला धरलं, आणि दादाच बोलतील असं तिला वाटलं, पण दादांचे ओठ नुसते हलले. त्यांची मुलगी होती ती. ते बोलू शकत नव्हते.

मग सूनबाईच बोलली. चिमीला झोपवताना बोलते तसा आवाज तिने लावला, सपाट, सावकाश. बाळाला आईंकडे दे. आई, आधी हात कोरडे करा, पदराला पुसा, मग बाळाला घ्या आणि दारात जाऊन थांबा. बिट्टी, फोन पलंगावर उभा करून ठेव. पायात चपला आहेत? बूट? बरं, घाल. हात पुस. पुन्हा पुस. आता पलंगावर चढ, खाली उतरू नकोस, वरून वाक. डावा हात पाठीमागे ठेव. तो पुढे आणायचाच नाही. उजव्या हाताने फक्त पिनेचं प्लास्टिक धरायचं, वायर नाही, पेटी नाही. धरलंस? आता सरळ ओढ.

पडद्यावर बिट्टीची पाठ दिसत होती आणि पाठीमागे धरलेली डाव्या हाताची मूठ. मग लाल दिवा विझला.

सूनबाईला वाटलं आता रडू येईल. पण दारातून बाळाची घरघर येत होती आणि ती वाढत होती. सासूबाई म्हणाल्या, याच्या बरगड्या आत जायला लागल्यात. वाफेची वेळ होऊन तास उलटला होता. दुकानं उघडायला तिथे तीन तास होते. रुग्णवाहिका बोलवायची तर बोलवा, सूनबाई म्हणाली, आईंनी शेजारचं दार वाजवून त्यांना तो फोन लावायला सांगावं, आणि तोवर बिट्टी, तू आणि मी ती पेटी उघडू. पाच मिनिटांचं काम आहे. ते पाच मिनिटांचं काम आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

पेचकस घरात सापडेना. बाळाची नखं कापायचं नेलकटर सापडलं, त्याची कानस पेटीच्या स्क्रूत बसली. चार स्क्रू. दादांनी इथे टेबलावर तसलीच पेटी उघडून ठेवली होती, ती त्यांनी फोनपुढे धरली, कुठे बघायचं ते बोटाने दाखवत. आता त्यांना बोलता येत होतं. बिट्टीला पहिले दोन स्क्रू जमले, तिसरा फिरेना. ती रडायला लागली आणि रडता रडता फिरवत राहिली. झाकण निघालं. आत तांब्याचा बोटभर तुकडा, चमकणारा. आपण तो किती नेटका बांधला होता ते सूनबाईला एवढ्या लांबून दिसलं.

“हा कापू?”

“हा. दोन्ही टोकांना. आणि बाहेर काढून टाक, मला दाखव.”

नेलकटरने तो कुरतडून कुरतडून कापावा लागला. बिट्टीने तो तुकडा फोनसमोर धरला. उरलेल्या टोकांवर बाळाच्या औषधांच्या पिशवीतली चिकटपट्टी तीनदा गुंडाळली. झाकण लावलं. पेटी लाकडी खुर्चीवर ठेवली. चालू असताना पेटीला कुणी शिवायचं नाही, हे दादांनी तीनदा सांगितलं. मग यंत्र पेटीत, आणि सगळ्यात शेवटी पिन भिंतीत. पिन आत जाताना सूनबाईने डोळे मिटले. डोळे उघडायच्या आधी तिला तो आवाज ऐकू आला, यंत्राचा, पाण्याखाली भुंगा अडकल्यासारखा, आणि मग मास्कमधून पांढरी वाफ.

रुग्णवाहिकेची माणसं आली तेव्हा बाळ सासूबाईंच्या मांडीवर बरंच शांत झालं होतं. त्यांनी छाती तपासली, कसलासा कागद दिला, वाफ चालू ठेवा म्हणाले, आणि दुकान उघडलं की एक साधं तिथलंच यंत्र विकत घ्या म्हणाले. ते गेल्यावर सासूबाई फोनशी आल्या. इतका वेळ त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. आता विचारला.

“पेटी कुणी उघडली होती?”

“मी,” दादा म्हणाले. विचारल्याबरोबर, जराही न थांबता.

सूनबाईने फोन त्यांच्या हातातून घेतला. “नाही आई. मीच. दादा नव्हते त्या दिवशी. त्यांनी शिकवलं नव्हतं असं, मी आपली बघून केलं. बिट्टी, ऐकतेस ना. मीच बांधला होता तो तुकडा.”

बिट्टी बाळाला घेऊन पलंगावर बसली होती, पाठ भिंतीला, पाय पोटाशी घेऊन. ती फोनकडे बघत नव्हती. सूनबाईला वाटलं, ती आता फोन बंद करेल. करावाच, असंही वाटलं. इकडे चिमी जागी होऊन तिच्या पदराला लोंबकळत होती, आणि आपला हात तिच्या डोक्यावर ठेवायचंही सूनबाईला सुचत नव्हतं.

शेवटी बिट्टी म्हणाली, “पुन्हा वाफ तुमच्या नऊ वाजता आहे.”

“हो.”

“तोवर हे येतील की नाही माहीत नाही. दुकान कधी उघडतंय, माहीत नाही.” तिने बाळाच्या डोक्यावर हनुवटी टेकली. “मला ती पिन लावायची भीती वाटते, वहिनी. नऊला तू फोनवर ये.”

“येते,” सूनबाई म्हणाली. “आधीपासूनच येऊन बसते.”